हेड्रियनच्या भिंतीकाठची पदभ्रमंती : सहल तयार घ्यावी, दिवसांची वाटणी मात्र आपण करावी

इंग्लंडच्या उत्तर भागात पूर्वेकडच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेकडच्या बोनेस-ऑन-सॉल्वे या गावापर्यंत जाणारी ‘हेड्रियन्स वॉल पाथ’ ही १३५ किलोमीटरची राष्ट्रीय पायवाट मी आणि माझी थोरली बहीण अशा आम्ही दोघींनी २०२५ च्या जून महिन्यात चालून पूर्ण केली. त्यासाठी आम्ही एका ब्रिटिश पर्यटन कंपनीची सेवा घेतली होती. या सेवेत वाटाड्या नसतो आणि सोबत गटही नसतो. कंपनी रोजच्या मुक्कामाच्या खोल्या राखून ठेवते, मोठी बॅग एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर पोहोचवते आणि नकाशासह वाटेचे वर्णन करणारी पुस्तिका देते. चालायचे मात्र आपले आपण. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. माझे मत आधीच सांगते. खोल्यांचे आरक्षण आणि अडचणीच्या वेळी मिळालेली मदत यांसाठी दिलेले पैसे पुरेपूर वसूल झाले, परंतु कोणत्या दिवशी किती चालायचे याची जी वाटणी कंपनीने तयार ठेवलेली असते ती या वाटेला शोभणारी नाही, आणि ती जशीच्या तशी स्वीकारणारा माणूस ज्या गोष्टी पाहण्यासाठी इतक्या दूर येतो त्यांच्याच बाबतीत घाईत सापडतो.

असे का होते हे समजण्यासाठी भिंतीची रचना थोडी ठाऊक असायला हवी. रोमन सम्राट हेड्रियन इ. स. १२२ मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि त्या सुमारास या सरहद्दीचे काम सुरू झाले. तीन लीजनांच्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांच्या, सैनिकांनी ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर लांबीची ही भिंत बांधली. दर रोमन मैलावर एक लहान गढी, दोन गढ्यांच्या मध्ये दोन बुरूज, उत्तरेला खंदक, दक्षिणेला ‘व्हॅलम’ नावाचा दुहेरी बांधांचा रुंद चर आणि ठरावीक अंतरांवर मोठी लष्करी ठाणी अशी ती योजना होती. मात्र आज ही भिंत सर्वत्र सारखी उरलेली नाही. न्यूकॅसल शहराखाली ती जवळजवळ गडप झाली आहे. न्यूकॅसलनंतरच्या हेडन गावाच्या पश्चिमेला अनेक मैल तिच्या पायावरूनच १८ व्या शतकातला लष्करी रस्ता गेला आहे. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या उठावानंतर, सैन्याला पूर्व-पश्चिम वेगाने हलवता यावे म्हणून तो बांधला गेला आणि त्याच्या भरावासाठी भिंतीचेच दगड वापरले गेले. कार्लाइलच्या पश्चिमेला तर जमिनीवर तिचे अवशेष दिसतच नाहीत म्हटले तरी चालेल. उंच, सलग आणि मन भरून पाहावी अशी भिंत मधल्या भागात, चॉलरफर्डपासून बर्डोस्वाल्डच्या थोडे पुढेपर्यंत आहे.

बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकांत जी सहा दिवसांची योजना दिसते तिच्यात वॉल्सएंड ते हेडन २४ किलोमीटर, हेडन ते चॉलरफर्ड २४, चॉलरफर्ड ते स्टील रिग १९, स्टील रिग ते वॉल्टन २६, वॉल्टन ते कार्लाइल १८ आणि कार्लाइल ते बोनेस २४ असे टप्पे असतात. कागदावर ही वाटणी समतोल दिसते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी नदीकाठच्या डांबरी वाटेवरून चालताना भिंत जवळजवळ दिसतच नाही, शेवटच्या दिवशीही तसेच, आणि ज्या दोन दिवसांत चेस्टर्स, हाउसस्टेड्स, विंडोलांडा, रोमन सैन्याचे संग्रहालय आणि बर्डोस्वाल्ड ही सगळी ठिकाणे येतात, त्या दोन दिवसांनाही तितकाच वेळ दिलेला असतो. शिवाय त्यांपैकी एक दिवस सर्वांत लांब आणि दुसरा चढउतारांचा. या योजनेत किलोमीटर मोजलेले असतात, पाहण्याजोगे काय आहे ते मोजलेले नसते. वेगाने चालणाऱ्याला आणि केवळ वाट पूर्ण करण्याची इच्छा असणाऱ्याला ती पुरेशी वाटेल. इतिहासासाठी जाणाऱ्याला मी ती घेऊ नये असेच सांगेन.

तिसऱ्या दिवसाचेच उदाहरण घेऊ. चॉलरफर्डहून निघाले की पंधरा मिनिटांच्या आत चेस्टर्स हे घोडदळाचे ठाणे लागते. उत्तर टाइन नदीच्या काठी असलेले तिथले स्नानगृह इतके शाबूत आहे की कपडे ठेवण्याचे कोनाडेसुद्धा ओळीने उभे आहेत, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर रोमन पुलाचा दगडी पाया दिसतो. हे ठिकाण टिकले याचे मोठे श्रेय १९ व्या शतकातल्या जॉन क्लेटन यांना जाते. न्यूकॅसलचे नगर-लेखनिक असलेल्या या गृहस्थांनी भिंतीचे दगड शेतकरी वाहून नेत असल्याचे पाहून भिंतीलगतच्या जमिनी एकामागून एक विकत घेतल्या आणि तिथे उत्खनन केले. त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय १८९६ पासून चेस्टर्सलाच आहे. शिल्पे, वेदी आणि शिलालेख तिथे अजूनही जुन्या पद्धतीने दाटीवाटीने मांडलेले आहेत. तिथे निवांतपणे दोन तास जातात. परंतु ठाणे सकाळी उघडते त्याच्या आधीच आपण वाटेला लागलेले असावे, असे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिले होते. आम्ही ते मानले नाही. आम्ही दार उघडेपर्यंत थांबलो, आणि त्या निर्णयाबद्दल आम्हाला अजूनही समाधान वाटते.

त्यापुढे लाइमस्टोन कॉर्नर येतो, भिंतीचा सर्वांत उत्तरेकडचा बिंदू. नावात चुनखडक असला तरी इथला खडक काळा, कठीण डोलेराइट आहे, आणि रोमन सैनिकांनी इथे खंदक खोदणे अर्धवट सोडून दिले. फोडण्यासाठी पाचरी ठोकायला केलेली भोके एका प्रचंड शिळेवर आजही दिसतात. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या कामातला हा अपुरा राहिलेला तुकडा पाहताना ते काम करणारी माणसे जितकी जवळची वाटतात, तितकी ती कोणत्याही संग्रहालयात वाटत नाहीत. पुढे ब्रोकोलिशियाच्या ठाण्याजवळ मिथ्र देवतेचे छोटे मंदिर आहे. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात जमीन आकसल्यामुळे तिथले दगड वर दिसू लागले आणि त्यातून या मंदिराचा शोध लागला. तिथे आज ज्या वेदी उभ्या आहेत त्या प्रतिकृती असून मूळ वेदी न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये आहेत. या ठिकाणी तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, आणि आम्ही गेलो तेव्हा दुसरे कोणीही नव्हते. कंपनीच्या पुस्तिकेत या मंदिरासाठी एकच ओळ होती आणि लाइमस्टोन कॉर्नरच्या शिळेचा उल्लेखच नव्हता.

हे सर्व पाहून हाउसस्टेड्सला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि हाउसस्टेड्स हे भिंतीवरचे सर्वांत उत्तम टिकलेल्या ठाण्यांपैकी एक आहे. धान्याची कोठारे, रुग्णालय, सेनापतीचे निवासस्थान आणि पाण्याचा निचरा कसा होत असे हे स्पष्ट दाखवणारे सामूहिक शौचगृह हे सगळे उतारावर एका नजरेत दिसते. तिथून स्टील रिगपर्यंतचे पाच किलोमीटर कड्याच्या माथ्यावरून जातात. व्हिन सिल नावाच्या डोलेराइटच्या कड्यावर भिंत चढते, खिंडीत उतरते, पुन्हा चढते, आणि खाली उत्तरेला तळी पसरलेली असतात. संपूर्ण वाटेतला हा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि सहा दिवसांच्या योजनेत तो दिवसाच्या अखेरीस, पाय दमलेले असताना आणि ठाण्याचे दार बंद झालेले असताना वाट्याला येतो.

आमचा अभ्यास आधी थोडा झाला होता, म्हणून आम्ही कंपनीला लिहून स्टील रिगजवळच्या वन्स ब्रूड या वस्तीत तीन रात्री आणि पुढे गिल्सलँडला एक रात्र मागितली. कंपनीने बदल करण्यास नकार दिला नाही. पत्रव्यवहार सौजन्याचा होता आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोन दिवसांत आले. परंतु आम्ही मार्चमध्ये जूनसाठी विचारत होतो, आणि मधल्या भागात राहण्याच्या जागा मोजक्याच असल्यामुळे तोपर्यंत बऱ्याचशा भरून गेल्या होत्या. वन्स ब्रूडला दोन रात्री मिळाल्या, गिल्सलँडला एकही नाही. त्याचा परिणाम दोन ठिकाणी जाणवला. विश्रांतीच्या एकाच दिवसात सकाळी बसने मागे जाऊन हाउसस्टेड्स आणि दुपारी विंडोलांडा असे दोन्ही करावे लागले. विंडोलांडाला अर्धा दिवस देणे हा त्या जागेवर अन्याय आहे. भिंतीच्या दक्षिणेला, तिच्याही आधीपासून असलेल्या या ठाण्यात १९७३ मध्ये शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांत शिधासामग्रीच्या याद्या आहेत, रजेचे अर्ज आहेत, आणि इ. स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा हिने सुल्पिशिया लेपिडिना या मैत्रिणीला आपल्या वाढदिवसासाठी पाठवलेले आमंत्रणही आहे. बहुतेक पट्ट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असल्या तरी काही इथे मांडलेल्या आहेत. उन्हाळ्यात इथे स्वयंसेवकांच्या मदतीने उत्खनन चालू असते आणि कडेला उभे राहून ते पाहता येते. माझी बहीण त्या खड्ड्यांच्या काठी तासभर उभी होती. तिला तिथून हलवणे मला जिवावर आले, पण संग्रहालय बंद होण्याची वेळ जवळ आली होती.

दुसरा परिणाम अधिक कठीण होता. गिल्सलँडला खोली न मिळाल्यामुळे स्टील रिग ते वॉल्टन हे २६ किलोमीटर एका दिवसात चालावे लागले. या टप्प्याच्या पहिल्या भागात विनशील्ड्सचा ३४५ मीटर उंचीचा सर्वोच्च बिंदू आहे, त्यानंतर कॉफील्ड्स आणि वॉलटाउन या दोन्ही ठिकाणी खाणीने तोडलेले कडे आहेत आणि गिल्सलँडमध्येच पोल्ट्रॉस बर्नची गढी आहे, जिच्यातल्या जिन्याच्या उरलेल्या पायऱ्यांवरून भिंतीच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. सकाळी पाऊस होता, दगडी पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि ताईच्या गुडघ्याला उतार सोसत नव्हता. आम्ही बर्डोस्वाल्डला पोहोचलो तेव्हा ठाणे बंद झाले होते. बाहेरून भिंत पाहता आली, आणि उरलेल्या भिंतीचा सर्वांत लांब सलग भाग तोच असल्यामुळे अगदी रिकाम्या हाताने परतलो असे म्हणता येणार नाही. परंतु आतले कोठार आणि प्रदर्शन राहून गेले. जूनमधला उजेड रात्री साडेनऊ-पावणेदहापर्यंत टिकतो, त्यामुळे बँक्सचा बुरूज आणि हेअर हिलवरचा उंच भिंतीचा तुकडा आम्हाला संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहता आला. वॉल्टनला पोहोचायला साडेआठ झाले.

म्हणून मी कोणालाही हीच वाटणी सुचवेन : निघण्याच्या आदल्या दुपारी वॉल्सएंडचे सेजेडुनम हे रोमन ठाणे पाहून घ्यावे, कारण चालण्याच्या पहिल्या सकाळी ते उघडण्याची वाट पाहिली तर हेडनला उशीर होतो; पहिले दोन टप्पे योजनेप्रमाणेच चालावेत; तिसऱ्या दिवशी चेस्टर्स पाहून संध्याकाळपर्यंत हाउसस्टेड्स गाठावे आणि हंगामात धावणाऱ्या ‘एडी १२२’ या बसने वन्स ब्रूडला यावे; चौथ्या सकाळी त्याच बसने परत जाऊन ठाणे पाहावे आणि कड्यावरचे पाच किलोमीटर ताज्या पायांनी चालावेत; पाचवा दिवस सबंध विंडोलांडाला द्यावा; सहाव्या दिवशी गिल्सलँड, सातव्या दिवशी बर्डोस्वाल्ड पाहून वॉल्टन, आणि मग कार्लाइल व बोनेस. असे एकूण नऊ दिवस होतात. वन्स ब्रूडच्या तीन रात्रींत बॅग बांधावी लागत नाही, हाही मोठा आराम आहे. बसच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात, त्यामुळे त्या वर्षीचे वेळापत्रक पाहूनच तिसऱ्या दिवसाची वेळ ठरवावी. आणि ही मागणी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच कंपनीकडे पाठवावी. मार्चमध्ये पाठवून काय होते ते वर सांगितलेच आहे.

आता खोल्यांविषयी. या बाबतीत कंपनीचे काम खरोखर चांगले होते. सातही मुक्काम स्वच्छ होते, त्यांपैकी पाच वाटेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत होते, आणि एका ठिकाणी, जिथे घर वाटेपासून दूर होते तिथे, घरमालकीण ठरलेल्या वेळी गाडी घेऊन आम्हाला न्यायला आली, तेही आधीच कळवलेले असल्यामुळे. ओले बूट आणि कपडे वाळवण्याची सोय प्रत्येक ठिकाणी असल्याची खात्री कंपनीने करून घेतली होती. ही गोष्ट लहान वाटली तरी पावसाळी दिवसानंतर तिचे मोल कळते. खोल्यांचे आणि सामान-वाहतुकीचे दर आम्ही नंतर स्वतंत्रपणे जोडून पाहिले, तेव्हा कंपनीला दिलेली जादा रक्कम साधारण एका खोलीच्या दोन रात्रींच्या भाड्याइतकी भरली. सात ठिकाणी स्वतः पत्रव्यवहार करण्याचा त्रास आणि एखादी खोली न मिळाल्यास सगळी साखळी पुन्हा जुळवण्याचा ताप लक्षात घेता मला ती रक्कम जास्त वाटली नाही. एकट्याने जाणाऱ्याने मात्र एकट्याच्या खोलीसाठी आकारली जाणारी जादा रक्कम आधी विचारून घ्यावी, कारण ती लहान नसते. तंबू टाकून राहू असा विचार कोणाच्या मनात असेल, तर या वाटेवर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोठेही तंबू ठोकता येत नाही हे ध्यानात घ्यावे.

ठाण्यांची प्रवेशतिकिटे सहलीच्या रकमेत नव्हती आणि ते स्पष्ट लिहिलेलेही होते. चेस्टर्स, हाउसस्टेड्स आणि बर्डोस्वाल्ड ही तिन्ही इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहेत, त्यामुळे तिचे सदस्यत्व किंवा परदेशी पाहुण्यांसाठीचा पास घेतला तर वेगवेगळी तिकिटे काढण्यापेक्षा फायद्याचे ठरते का हे आधी हिशोब करून पाहावे. विंडोलांडा वेगळ्या विश्वस्त संस्थेचे आहे आणि वॉलटाउनजवळच्या रोमन सैन्याच्या संग्रहालयासह त्याचे जोडतिकीट मिळते. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना ब्रिटनचा व्हिसा लागतो, म्हणून संपूर्ण रक्कम भरण्याची अंतिम तारीख आणि व्हिसा नाकारला गेल्यास परताव्याचे नियम ही दोन्ही कलमे करार करण्यापूर्वी नीट वाचावीत. आमच्या करारात परताव्याचा भाग प्रवासाची तारीख जवळ येईल तसा कमी होत जात होता आणि व्हिसासाठी वेगळी सवलत नव्हती.

सामानाच्या वाहतुकीत एक चूक झाली, आणि ती कशी झाली हे सांगणे उपयोगी आहे. या कंपन्या स्वतःची गाडी चालवत नाहीत, ते काम स्थानिक वाहतूकदाराला दिलेले असते. आमच्या वन्स ब्रूडच्या मुक्कामाला एक रात्र वाढवल्याची नोंद कंपनीकडे होती, पण वाहतूकदाराच्या यादीत ती पोहोचली नव्हती. विश्रांतीच्या दिवशी आम्ही सकाळी बसने हाउसस्टेड्सला गेलो आणि दुपारी विंडोलांडाला पोहोचेपर्यंत आमच्या दोन्ही बॅगा वॉल्टनला जाऊन पडल्या होत्या. संध्याकाळी परत आल्यावर ते कळले. ताईची रक्तदाबाची गोळी बॅगेत होती. कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन केल्याबरोबर माणूस मिळाला, त्याने चूक मान्य केली आणि दोन तासांत बॅगा परत आणून दिल्या. मदत तत्पर होती, हे मी मुद्दाम नोंदवते. तरीही नेहमीच्या योजनेत बदल करून घेणाऱ्याने प्रत्येक मुक्कामावर बॅगेला त्या दिवसाची तारीख आणि पुढचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी स्वतः लावावी, थांबण्याच्या दिवशी बॅग खोलीतच ठेवावी, दाराशी आणून ठेवू नये, आणि औषधे, पारपत्र, चष्मा व एक कोरडा कपड्यांचा जोड पाठीवरच्या पिशवीतच ठेवावा.

वाटेच्या वर्णनाची पुस्तिका ही या सेवेतली सर्वांत कमकुवत बाजू होती. सोबत दिलेला छापील नकाशा उत्तम होता, आणि वाटेवर जागोजागी ओकच्या फळाचे चिन्ह असलेले खांब असल्यामुळे रस्ता चुकण्याची भीती फारशी नसते. परंतु पुस्तिकेचा मजकूर काही वर्षांपूर्वीचा होता. सिकॅमोर गॅपच्या खिंडीतल्या प्रसिद्ध झाडाखाली विसावा घ्यावा, असे तिच्यात लिहिले होते. ते झाड सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीच्या वेळी तोडले गेले आणि ते तोडणाऱ्या दोघांना मे २०२५ मध्ये, म्हणजे आम्ही तिथे जाण्याच्या महिनाभर आधी, न्यायालयाने दोषी ठरवले होते. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा कुंपणाआड बुंधा होता आणि त्याला फुटलेले कोवळे धुमारे होते. पाहायला आलेली माणसे हळू आवाजात बोलत होती. ज्या जागेविषयी लोकांच्या मनात एवढी हळहळ आहे तिच्याबद्दल असा मजकूर हाती ठेवणे मला खटकले. त्याहून व्यवहाराची उणीव अशी की, वाटेतल्या तात्पुरत्या वळणांची माहिती पुस्तिकेत नव्हती आणि ती कोठे पाहावी हेही लिहिलेले नव्हते. राष्ट्रीय पायवाटांच्या अधिकृत संकेतस्थळावर अशी वळणे दिलेली असतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ती पाहून घ्यावीत. गायी-वासरे चरत असलेल्या कुरणांतून वाट अनेकदा जाते, आणि वासरे सोबत असताना गायींच्या मधून न जाता दुरून वळसा घालावा, ही सूचनाही पुस्तिकेत असायला हवी होती.

कंपनी ही सहल केवळ मे ते ऑक्टोबर या काळात विकते, आणि त्यामागचे कारण पुस्तिकेने फार चांगले समजावले होते. या वाटेचा बराचसा भाग मुद्दाम गवताचाच ठेवलेला आहे, कारण तिच्याखाली न खोदलेले अवशेष आहेत आणि दगड-खडी टाकून पक्की वाट करणे त्यांना हानिकारक ठरेल. हिवाळ्यात ओली जमीन पायांखाली उखडते. म्हणूनच वाट चालल्याची खूण म्हणून ‘पासपोर्ट’ नावाच्या पुस्तिकेवर शिक्क्यांचे ठसे उमटवून घेण्याची योजना १ मे ते ३१ ऑक्टोबर एवढ्याच काळात चालते. वाटेवरच्या सात ठिकाणी हे ठसे मिळतात आणि बर्डोस्वाल्डची शिक्क्याची पेटी बाहेर असल्यामुळे ठाणे बंद असतानाही आम्हाला तिथला ठसा घेता आला. भिंतीवर चढून चालू नये हे तर सर्वांना ठाऊक असते. एकामागोमाग एक रांगेने चालण्याऐवजी शेजारीशेजारी चालावे, म्हणजे गवतावर एकच चाकोरी पडून माती उघडी होत नाही, ही गोष्ट मात्र मला नवी होती. आम्ही दोघी त्यानंतर जिथे जमेल तिथे जोडीने चाललो.

दिशेचा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे चालल्यास तो पाठीशी राहतो. तरीही मी पूर्वेकडूनच निघावे असे म्हणेन. गढ्यांचे क्रमांक वॉल्सएंडपासून वाढत जातात, त्यामुळे नकाशाशी मेळ घालणे सोपे जाते, आणि शहरातून निघून समुद्राच्या उघड्या खाडीकाठी पोहोचणे हा शेवट गजबजलेल्या रस्त्यांवरच्या शेवटापेक्षा कितीतरी चांगला आहे. कंपनीने दिशा निवडण्याची मोकळीक दिली होती, त्यासाठी जादा पैसे घेतले नाहीत.

शेवटच्या टप्प्यासाठी एक काळजी कंपनीने आमच्यावर सोडायला नको होती. कार्लाइलनंतर ब्रफ-बाय-सँड्स हे गाव लागते. स्कॉटलंडवर स्वारीला निघालेला राजा पहिला एडवर्ड १३०७ मध्ये याच गावाजवळच्या दलदलीत मरण पावला. त्यापुढे डाइक्सफील्ड ते ड्रमब्रफ हा रस्ता खाडीच्या सपाट पाणथळीतून जातो आणि मोठ्या भरतीच्या वेळी तो पाण्याखाली असतो. पुस्तिकेत ‘भरतीची वेळ तपासावी’ एवढेच होते. आमच्या चालण्याच्या तारखा कंपनीला सहा महिने नाही तरी तीन महिने आधीपासून ठाऊक होत्या, त्यामुळे त्या दिवशीच्या भरतीच्या वेळा एका कागदावर लिहून देणे तिला सहज शक्य होते. कार्लाइलच्या घरमालकांनी सकाळी स्वतःहून वेळा पाहून आम्हाला नऊऐवजी साडेसातला निघायला सांगितले, म्हणून आम्ही कोरड्या रस्त्याने गेलो. दुपारी ड्रमब्रफच्या चढावरून मागे पाहिले तेव्हा ज्या रस्त्याने आलो होतो त्याच्या कडेचे खांब पाण्यात उभे होते.

परत आल्यावर मी पुस्तिकेतले जुने झालेले मजकूर, वाहतूकदाराच्या यादीतली चूक आणि भरतीच्या वेळा या तिन्ही गोष्टी कंपनीला सविस्तर लिहून कळवल्या. आठवडाभरात उत्तर आले. सिकॅमोर गॅपचे पान पुढच्या हंगामासाठी नव्याने लिहीत असल्याचे आणि भरतीच्या वेळा प्रत्येक प्रवाशाच्या तारखेप्रमाणे पाठवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. गिल्सलँडच्या मुक्कामासह नऊ दिवसांची योजना माहितीपत्रकात घालावी, या सूचनेवर मात्र त्यांनी अजून काही कळवलेले नाही. तोपर्यंत ती स्वतः मागून घ्यावी लागेल.